खोक्यावर ३०० वॅट, स्क्रीनवर तीस: बाकीचे वॅट गेले कुठे?

नमस्कार ताई,

माझ्याकडे पाच इंची पंख्यांचा एफपीव्ही (गॉगलमधून कॅमेऱ्याचं दृश्य बघत उडवायचा) ड्रोन आहे आणि त्याच्या सहा एस, १३०० एमएएचच्या सहा लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या आहेत. नुकताच नवा चार्जर घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘३०० वॅट, १६ अँपिअर’ लिहिलंय. त्याच्यासोबत पॉवर सप्लाय नव्हता, म्हणून घरातला जुना लॅपटॉपचा अडॅप्टर जोडला. एक बॅटरी लावली की स्क्रीनवर तीसेक वॅट दिसतात आणि शेवटी शेवटी तर पाचसुद्धा नाहीत. मग बऱ्याच बॅटऱ्या एकत्र जोडून भरायचा पॅरलल बोर्ड आणला, चार बॅटऱ्या एकदम लावल्या आणि ५.२ अँपिअर ठेवले, तर चार्जर मिनिटभरात बंद पडतो, परत सुरू होतो, परत बंद. माझी फसवणूक झाली आहे का? मित्र म्हणतो, तीनशे वॅटचा चार्जर लहान बॅटरी जाळून टाकतो, साठ वॅटचाच घ्यायला हवा होता. पुढे मला सहा एस, ५००० एमएएचवर उडणारा मोठा ड्रोन बांधायचा आहे. त्याला हा चार्जर पुरेल का? आणि शेवटचं, उड्डाण रद्द झालं की भरलेल्या बॅटऱ्या स्टोरेजला (ठेवून द्यायच्या निम्म्या पातळीला) आणायला अख्खी रात्र जाते. एवढ्या ताकदीच्या चार्जरला एवढा वेळ का लागावा?

– एक वाचक

तुमचा चार्जर धडधाकट आहे आणि तुम्हाला कुणी फसवलेलंही नाही. अडलंय ते अडॅप्टरपाशी. त्याचा बंदोबस्त होईपर्यंत चार बॅटऱ्या ५.२ अँपिअरवर लावू नका, हे आधीच सांगून टाकते. वारंवार धाप लागून बंद पडणारा अडॅप्टर तापतो, आणि मध्येच तुटून पुन्हा सुरू होणाऱ्या चार्जिंगवर नीट लक्ष ठेवता येत नाही. लायपोच्या बाबतीत लक्ष ठेवता न येणं हाच सगळ्यात मोठा धोका.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे वळू. बहुतेक जण हिशेब चार्जरपासून सुरू करतात आणि तिथेच गोंधळ होतो. हिशेब बॅटरीपासून सुरू करायचा.

तुमच्या बॅटरीत सहा सेल एकापुढे एक जोडलेले आहेत, म्हणून ती सहा एस. लायपोच्या एका सेलचं सरासरी व्होल्टेज ३.७ धरतात आणि पूर्ण भरल्यावर ते ४.२ होतं. म्हणजे तुमची बॅटरी नावाला २२.२ व्होल्टची असली, तरी भरत आली की २५.२ व्होल्टवर पोचते. चार्जरचा हिशेब करताना नेहमी हा वरचा आकडा घ्या, कारण सगळ्यात जास्त वॅट तिथेच लागतात. क्षमता १३०० एमएएच, म्हणजे १.३ अँपिअर-तास. एक-सी, म्हणजे क्षमतेच्या आकड्याइतकाच करंट, या सुरक्षित वेगाने भरायचं तर १.३ अँपिअर. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट मिळतात. २५.२ गुणिले १.३, म्हणजे जेमतेम ३३ वॅट.

तुम्हाला दिसलेले ‘तीसेक वॅट’ ते हेच. बॅटरीला तेवढेच हवे होते, चार्जरने तेवढेच दिले. त्या जागी हजार वॅटचा चार्जर ठेवला असता तरी १.३ अँपिअरच्या सेटिंगवर स्क्रीनवर ३३ च्या पुढे काही दिसलं नसतं.

पुलाच्या तोंडाशी वजनाची पाटी असते ना, चार्जरवरचे वॅट तसे समजा. पूल किती भार पेलेल एवढंच ती पाटी सांगते. पुलावरून जाणारी प्रत्येक गाडी तेवढ्या वजनाची असते असं नाही. आणि वाटेत एकामागून एक तीन पूल असतील, तर सगळ्यात कमकुवत पुलाची पाटी अख्ख्या रस्त्याला लागू होते. तुमच्या रस्त्यावर आज तीन पूल आहेत: भिंतीतून येणारी वीज बदलून देणारा अडॅप्टर, मग चार्जर, मग बॅटरीपर्यंतच्या वायरी आणि कनेक्टर. तुम्ही मधल्या पुलाची पाटी वाचलीत. अडचण पहिल्या पुलावर आहे.

पण त्याआधी शेवटी शेवटी वॅट का घसरतात, ते सांगते. या प्रश्नाची पत्रं बरीच येतात. लायपो दोन टप्प्यांत भरते. पहिल्या टप्प्यात चार्जर करंट ठाम धरतो, तुमच्या बाबतीत १.३ अँपिअर, आणि बॅटरीचं व्होल्टेज हळूहळू वर चढतं. ते २५.२ ला टेकलं की दुसरा टप्पा सुरू होतो. आता चार्जर व्होल्टेज ठाम धरतो आणि करंट आपोआप कमी कमी होत जातो, कारण बॅटरी भरत आलेली असते. ठरवलेल्या करंटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून खाली तो आला की चार्जर ‘झालं’ म्हणतो. म्हणजे शेवटी २५ व्होल्ट आणि ०.१३ अँपिअर, जेमतेम तीन-साडेतीन वॅट. काही बिघडलेलं नाही. लायपो नीट भरल्याची ती खूण आहे.

याच शेवटच्या टप्प्यात बॅलन्सिंगही चालतं. सहा सेलपैकी एखादा मागे राहिला असेल, तर पुढे गेलेल्या सेलमधली थोडी ऊर्जा खर्ची घालून सगळ्यांना एका पातळीवर आणायचं काम. या कामाचा वेगळा करंट असतो, चार्जरच्या माहितीपत्रकात ‘बॅलन्स करंट’ म्हणून लिहिलेला. तो अर्धा अँपिअरसुद्धा असतो, कुठे एक-दीड असतो. सेल असमान झालेल्या बॅटरीला तो आकडाच थांबवून ठेवतो. तिथे तीनशे वॅट काही कामाचे नाहीत. म्हणून चार्जर घेताना मी वॅटच्या आकड्यानंतर लगेच बॅलन्स करंट बघते. जाहिरातीत तो ठळक छापलेला क्वचितच दिसतो, शोधावा लागतो.

आता खोक्यावरचे दोन आकडे, ‘३०० वॅट’ आणि ‘१६ अँपिअर’. हे दोन्ही एकाच वेळी मिळतील असं वाटणं साहजिक आहे, पण तसं होत नाही. या दोन वेगळ्या मर्यादा आहेत. जी आधी लागेल ती चालते. चार एसची बॅटरी १६.८ व्होल्टपर्यंत जाते. तिला पूर्ण १६ अँपिअर दिले तरी २६९ वॅटच होतात, म्हणजे तिथे अँपिअरची मर्यादा आधी लागते आणि ३०० वॅट कधी गाठलेच जात नाहीत. सहा एसला उलट. ३०० ला २५.२ ने भागा, ११.९ अँपिअर येतात. तिथे वॅटची मर्यादा आधी लागते आणि १६ अँपिअर कागदावरच राहतात. खोक्यावर काही खोटं छापलेलं नाही. फक्त किती एसच्या बॅटरीसाठी हे सांगितल्याशिवाय तो आकडा अर्धवट आहे. लहान चार्जरच्या बाबतीत हा फरक फार जाणवतो. ‘८० वॅट, ६ अँपिअर’ लिहिलेला चार्जर तीन एसला पूर्ण ६ अँपिअर देतो, चार एसला पावणेपाच आणि सहा एसला जेमतेम ३.२.

तिसरी मर्यादा खोक्यावर बहुधा नसतेच, ती आत, पत्रकाच्या बारीक अक्षरांत असते: इनपुट. तुमचा चार्जर नुसता डीसीवर चालणारा आहे. म्हणजे त्याला बाहेरून कुणीतरी व्होल्ट आणि अँपिअर पुरवले पाहिजेत, आणि जेवढे वॅट आत येतील त्याहून जास्त तो बाहेर देऊ शकणार नाही. उलट थोडे कमीच देईल, कारण व्होल्टेज वर-खाली करताना काही ऊर्जा उष्णतेत जाते; त्याच उष्णतेसाठी तर चार्जरला पंखा असतो. दहा ते पंधरा टक्के असे जातात असं धरून चालावं.

आता तुमचा अडॅप्टर उलटा करून त्यावरची पट्टी वाचा. जुन्या लॅपटॉपचा असेल, तर बहुतेक ‘आउटपुट १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर’ असं काहीतरी दिसेल. गुणाकार ६५ वॅट. तुम्ही मागितलं किती? चार बॅटऱ्या पॅरलल, म्हणून ४ गुणिले १.३, ५.२ अँपिअर. रिकाम्या बॅटऱ्या सेलमागे ३.६ व्होल्टवर असतील, तर सुरुवातीलाच २१.६ गुणिले ५.२, म्हणजे ११२ वॅट. शेवटाकडे १३१. त्यात चार्जरचं स्वतःचं नुकसान मिळवा, अडॅप्टरकडून दीडशेच्या घरात मागणी जाते. ६५ वॅटच्या अडॅप्टरला एवढं झेपत नाही. मग त्याचं संरक्षण जागं होतं, तो आउटपुट तोडतो, चार्जरचा भार निघून जातो, अडॅप्टर सावरून पुन्हा सुरू होतो, चार्जर पुन्हा मागायला लागतो. बंद-चालूचं चक्र ते हेच. चार्जर करंट एकदम न देता हळूहळू वाढवत नेतो, म्हणून ते लगेच न होता मिनिटभराने होतं.

ही पट्टी वाचताना एक चूक हमखास होते. त्यावर ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, १.५ अँपिअर’ अशीही ओळ असते. कुणी २४० ला १.५ ने गुणतं, ३६० येतात, आणि वाटतं अडॅप्टर भक्कम आहे. ती ओळ भिंतीकडून अडॅप्टर जास्तीत जास्त किती करंट ओढेल ते सांगते, तेही सगळ्यात कमी व्होल्टेजच्या जागी. आपल्याला ती नको. आपल्याला फक्त आउटपुटची ओळ हवी.

आज, नवीन काही न घेता काय करता येईल? दोन गोष्टी. एकेक बॅटरी १.३ अँपिअरवर भरा. ३३ वॅट म्हणजे अडॅप्टरच्या निम्मंच काम, तो आरामात करेल. दोन एकदम लावल्या तर शेवटी ६६ वॅट आणि वर नुकसान, म्हणजे अडॅप्टरच्या पलीकडे. तेव्हा ते जमणार नाही. दुसरा मार्ग जास्त चांगला. या वर्गातल्या बहुतेक चार्जरांच्या मेनूत इनपुटची मर्यादा ठरवण्याची सोय असते, कुठे वॅटमध्ये, कुठे अँपिअरमध्ये, आणि सोबत ‘इनपुट व्होल्टेज याखाली गेलं तर थांब’ अशी आणखी एक. ती मर्यादा ५५ वॅटवर ठेवा. मग तुम्ही ५.२ अँपिअर मागितले तरी चार्जर स्वतःहून करंट कमी करतो, अडॅप्टर बंद पडत नाही, आणि चार बॅटऱ्या दोन तासांहून थोड्या जास्त वेळात भरतात. एकेक करून भरायला जेवढा वेळ जातो त्याच्या जवळपास निम्माच, आणि दर तासाला उठून बॅटरी बदलायला नको. सावकाश भरल्याने बॅटरीचं काही बिघडत नाही. तिला ते मानवतंच.

कायमचा उपाय म्हणजे योग्य पॉवर सप्लाय. दीडशे वॅटची गरज आहे तर दीडशेचाच घ्यायचा नाही. सप्लाय सतत कमाल ताकदीवर राबला की तापतो आणि लवकर जातो. चतुर्थांश ते तृतीयांश जास्तीची जागा ठेवा. तुमच्यासाठी २४ व्होल्ट, १० अँपिअर, म्हणजे २४० वॅटचा सप्लाय बरोबर बसतो. चार्जरच्या पत्रकात इनपुट व्होल्टेजची पट्टी असते, १० ते ३० व्होल्ट अशासारखी. २४ त्यात बसतात का ते आधी बघा. त्या पट्टीच्या वरचा सप्लाय जोडला तर चार्जर जळू शकतो.

आणि १२ व्होल्टचा का नको? तेवढेच वॅट १२ व्होल्टवर आणायला दुप्पट करंट लागतो, आणि चार्जरच्या इनपुट करंटलाही मर्यादा असते. समजा ती १२ अँपिअरची आहे. मग १२ व्होल्टवर चार्जरमध्ये १४४ वॅटच शिरू शकतात, खोक्यावर ३०० लिहिलेले असले तरीही. २४ व्होल्टवर त्याच अँपिअरमध्ये २८८. म्हणून पुष्कळ चार्जरांचे पूर्ण वॅट फक्त वरच्या इनपुट व्होल्टेजवरच मिळतात. मैदानावर गाडीच्या बॅटरीवर चार्जिंग करणाऱ्यांना चार्जर अचानक मंदावलेला दिसतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. तिथे दीडशे वॅट ओढायचे तर साडेबारा अँपिअर लागतात, आणि बारीक वायर असेल तर वायरीतच व्होल्ट पडतात.

जे आता चार्जर शोधत आहेत, त्यांच्यासाठी याच ओघात दोन-तीन गोष्टी. एसी आणि डीसी दोन्हींवर चालणाऱ्या चार्जरांचे दोन वेगळे आकडे असतात. खोक्यावरचा मोठा आकडा सहसा डीसीचा. भिंतीला थेट जोडलं तर आतला छोटा सप्लाय त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी वॅट देतो. ‘१०० वॅट × २’ लिहिलेल्या दुहेरी चार्जरात दोन्ही बाजूंना एकाच वेळी शंभर मिळतात, की एसीवर शंभर दोघांत वाटून घ्यायचे असतात, हे पत्रकात बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. यूएसबी-सी पीडीवर (पॉवर डिलिव्हरी) चालणारे छोटे चार्जर असतील, तर तिथे आणखी एक पूल येतो: केबल. साध्या यूएसबी-सी केबलमधून ३ अँपिअरच जातात, २० व्होल्टला ६० वॅट. शंभर वॅटला पाच अँपिअर पेलणारी, आत ओळखचिप असलेली केबल लागते. शंभर वॅटचा अडॅप्टर, शंभर वॅटचा चार्जर आणि मध्ये साधी केबल, असं असेल तर ६० च्या वर काही मिळायचं नाही.

ज्यांच्याकडे तयार कॅमेरा ड्रोन आहे, त्यांचा मामला वेगळा. त्या बॅटरीत स्वतःचं नियंत्रण असतं. किती करंट घ्यायचा, गरम असेल तर थांबायचं का, हे तीच ठरवते. तिच्या कमाल मर्यादेपलीकडचे वॅट पुरवून काहीच फरक पडत नाही. तीन बॅटऱ्यांचा चार्जिंग हब घेतला की तिन्ही एकदम भरतील असाही समज आहे. बरेच हब एकामागून एक भरतात.

आता तुमचा मित्र. ‘मोठा चार्जर बॅटरी जाळतो’ हे जसंच्या तसं खरं नाही. चार्जर बॅटरीत वॅट ढकलत नाही. तुम्ही ठरवलेला करंट आणि सेलच्या संख्येवरून ठरलेलं व्होल्टेज, या दोन्हींच्या आतच तो राहतो. १.३ अँपिअरवर ठेवलेला तीनशे वॅटचा चार्जर आणि १.३ वर ठेवलेला साठ वॅटचा चार्जर, बॅटरीला यातला फरक कळतसुद्धा नाही. उलट मोठा चार्जर त्याच कामात कमी तापतो.

पण मित्राच्या म्हणण्यात एक धागा खरा आहे आणि तो मी सोडून देणार नाही. चूक झाली तर मोठ्या चार्जरची चूक मोठी होते. १.३ च्या जागी १३ ठेवलं गेलं, दशांशचिन्ह नजरेतून निसटलं, तर साठ वॅटचा चार्जर सहा एसला २.४ अँपिअरच देऊ शकेल. बॅटरी दोन-सीच्या आत राहील आणि बहुधा निभावेल. तुमचा चार्जर मात्र जवळपास १२ अँपिअर देईल. १३०० एमएएचच्या बॅटरीला ते नऊ-सी होतात. सेल फुगणं, आग लागणं, सगळं तिथे शक्य आहे. म्हणून चार्जरच्या सेटिंगमध्ये कमाल करंट बांधून ठेवायची सोय असेल तर ती वापरा. आज तुम्हाला सगळ्यात जास्त ५.२ लागतात, तर ६ वर बांधा. तसंच बॅटरीचा प्रकार प्रत्येक वेळी तपासा. लायपोला चुकून एलआयएचव्ही (जास्त व्होल्टेजपर्यंत भरायची लायपो) निवडलं तर चार्जर सेलमागे ४.२ ऐवजी ४.३५ व्होल्टपर्यंत नेतो, आणि ही चूक कमी वॅटच्या चार्जरवरही तितकीच घातक आहे.

याच जागी बॅटरीवरच्या ‘१२०सी’ छापाबद्दलही बोलायला हवं. तो आकडा बॅटरी रिकामी होतानाचा आहे, उडताना किती करंट देऊ शकते त्याचा; आणि तोही उदारपणे छापलेला असतो. भरण्याची मर्यादा वेगळी असते. बॅटरीवर बारीक अक्षरांत ती लिहिलेली असेल तर तिच्या आत राहा, काहीच लिहिलेलं नसेल तर एक-सी. दोन-सीने भरलं तर तुमच्या एका बॅटरीला ६६ वॅट लागतील, पण वेळ बरोबर निम्मा होणार नाही, कारण करंट वाढवला की पहिला टप्पा लवकर संपतो आणि दुसरा, करंट घसरत जाण्याचा, लांबतो. घाईच्या दिवशी ठीक आहे. रोज तसं करण्यात बॅटरीचं आयुष्य कमी होतं आणि हाती दहा-वीस मिनिटं लागतात. मी तरी तो सौदा करणार नाही.

पॅरलल बोर्डबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण तो वापरताय म्हणून मला राहवत नाही. बोर्डवर फक्त सारख्या सेलसंख्येच्या बॅटऱ्या. जोडण्याआधी प्रत्येकीचं व्होल्टेज मोजा, सेलमागे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर ती बॅटरी बाजूला ठेवा. फरक मोठा असेल तर जोडल्या क्षणी भरलेली बॅटरी रिकामीत बेसुमार करंट ओतते, आणि त्यावर चार्जरचं काहीच नियंत्रण नसतं, तो बंद असला तरी. आधी मेन लीड (जाड मुख्य वायर), व्होल्टेज समान व्हायला थोडा वेळ, मग बॅलन्स लीड (प्रत्येक सेलपर्यंत जाणाऱ्या बारीक वायरी). बॅलन्स लीडचे पांढरे जेएसटी-एक्सएच कनेक्टर ३ अँपिअरसाठीच बनवलेले असतात, म्हणून हा क्रम चुकवू नका. बोर्डवर फ्यूज असलेला बरा. आणि चार्जरला सगळ्या बॅटऱ्या मिळून एकच मोठी बॅटरी दिसते, त्यामुळे त्यातल्या एखाद्या बॅटरीचा खचलेला सेल बाकीच्यांच्या आड लपतो. फुगलेली, आपटलेली, शंका असलेली बॅटरी नेहमी एकटीच भरा. उड्डाणाहून आलेली गरम बॅटरी हाताला थंड लागेपर्यंत थांबा. शून्य अंशांखालच्या थंडीत भरू नका; गोठवणाऱ्या थंडीत भरताना सेलच्या आत धातुरूप लिथियम साचतं आणि ते नुकसान नंतर भरून निघत नाही. आणि चार्जिंग चालू असताना घराबाहेर जाऊ नका, झोपू नका.

मोठ्या ड्रोनचा हिशेब आता तुम्ही स्वतःच कराल, तरी मांडते. सहा एस, ५००० एमएएच, एक-सी म्हणजे ५ अँपिअर. २५.२ गुणिले ५, १२६ वॅट. तुमचा चार्जर ती अगदी सहज भरेल, २४ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लायही पुरेल. दोन एकदम लावल्या तर २५२ वॅट. चार्जर अजूनही ३०० च्या आत आहे, पण सप्लायकडे पावणेतीनशे ते तीनशेची मागणी जाईल आणि २४० चा कमी पडेल. तो ड्रोन खरंच बांधणार असाल तर आत्ताच २४ व्होल्ट, १५ अँपिअरचा, ३६० वॅटचा सप्लाय घ्या म्हणजे दोनदा खर्च नको. मात्र चार्जरची इनपुट करंटची मर्यादा तेवढी आहे का, ते पत्रकात पाहून घ्या. त्याहून पुढे, शेतीच्या फवारणी ड्रोनसारख्या बारा एस, १६००० एमएएचच्या बॅटऱ्यांकडे गेलात, तर एकीलाच एक-सीने ८०६ वॅट लागतात. तो वर्ग पूर्ण वेगळा, तिथे भिंतीतला सॉकेट आणि जनरेटर हेसुद्धा रस्त्यावरचे पूल होतात.

राहिला स्टोरेजचा प्रश्न. खोक्यावरचे ३०० वॅट हे भरण्याचे. रिकामं करण्याचे वॅट वेगळे आणि फार कमी असतात: पाच, दहा, पंधरा. कारण बॅटरीतून काढलेली ऊर्जा चार्जर आतल्या रेझिस्टरमध्ये नुसती उष्णता करून घालवतो आणि एवढ्याशा डब्यात फार उष्णता मावत नाही. तुमच्या एका बॅटरीत सुमारे २९ वॅट-तास असतात. ती भरलेली असेल, तर सेलमागे ३.८ ते ३.८५ व्होल्टच्या स्टोरेज पातळीवर आणायला त्यातले निम्मे, चौदा-पंधरा, काढावे लागतात. चार बॅटऱ्यांचे साठाच्या आसपास. दहा वॅटच्या डिस्चार्जला सहा तास. पाच वॅटचा असेल तर बारा. अख्खी रात्र जाते ती अशी.

त्यावर चांगला उपाय म्हणजे बॅटऱ्या उड्डाणाच्या दिवशीच, निघण्याआधी भरणं. तोवर त्या स्टोरेजलाच असू द्या, मग रद्द झालं तर काही करावं लागत नाही. भरून झाल्याच असतील तर जमिनीजवळ थोडं घिरट्या घालून त्या स्टोरेजच्या जवळ आणता येतात. नाहीतर बाहेरून जोडायचा वेगळा डिस्चार्जर मिळतो, मोठ्या हीटसिंकचा आणि पंख्याचा. शंभर-दीडशे वॅटने काम करणारा असेल तर तेच काम अर्ध्या तासाच्या आसपास संपतं. भरलेली बॅटरी एक-दोन दिवस तशीच राहिली म्हणून लगेच खराब होत नाही, पण आठवडेच्या आठवडे तशी ठेवू नका.

काही चार्जरांत ‘रीजनरेटिव्ह डिस्चार्ज’ नावाचा पर्यायही असतो. त्यात बॅटरीतली ऊर्जा उष्णतेत न घालवता इनपुटच्या बाजूला परत पाठवली जाते आणि डिस्चार्जचे वॅट एकदम कितीतरी वाढतात. तो फक्त इनपुटला मोठी बॅटरी जोडलेली असेल तेव्हाच वापरायचा. तुमच्या मेनूत तो दिसला, तरी भिंतीवर चालणाऱ्या सप्लायला किंवा त्या लॅपटॉपच्या अडॅप्टरला जोडून तो सुरू करू नका. परत येणारी वीज घ्यायची सोय त्यांच्यात नसते.